फळाचे चित्र आणि वाटेचे चित्र

इच्छिलेल्या गोष्टीचे चित्र मनात पुरेशा स्पष्टपणे रंगविले, त्यात रंग, नाद, स्पर्श भरले, आणि ती गोष्ट आपणास प्राप्त झालीच आहे अशा भावनेने ते चित्र दररोज सकाळ-संध्याकाळ न्याहाळले, तर विश्वातील कोणती तरी अदृश्य शक्ती ती गोष्ट आपल्या दारी आणून पोहोचविते, हा सिद्धान्त आज आपल्या समाजात ज्या वेगाने आणि ज्या निःशंक श्रद्धेने पसरत आहे तो पाहता, त्याची कसोशीने तपासणी करणे अगत्याचे झाले आहे. यशाच्या कार्यशाळांत तो शिकविला जातो, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत त्याची पारायणे होतात, आणि घरोघरच्या भिंतींवर बंगल्यांची, मोटारींची आणि लाल दिव्याची कात्रणे चिकटविलेले फलक त्याची साक्ष देतात. या सिद्धान्ताला सरसकट थोतांड म्हणून झिडकारणारांचा एक पक्ष आहे. त्या पक्षात मी नाही. मनश्चित्रात सामर्थ्य आहे, ते प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे, आणि म्हणूनच ते कोणत्या दिशेने लावावे हा प्रश्न गंभीर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जे चित्र आज आमच्या तरुणांना रंगवावयास सांगितले जाते ते चुकीचे चित्र आहे, आणि जे रंगवावयास हवे ते त्यांना कोणी सांगत नाही.

आजच्या स्वरूपात हा विचार पश्चिमेकडून आला. फ्रान्समध्ये औषधविक्रीचा व्यवसाय करून पुढे नान्सी येथे रोग्यांना विनामूल्य सल्ला देणारे एमिल कुए (१८५७–१९२६) हे त्याचे एक आद्य प्रवर्तक. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांचा झगडा लागला की जय कल्पनेचाच होतो, असे त्यांचे प्रतिपादन असे; आणि वीस गाठी मारलेली दोरी हाती धरून, आपली प्रकृती दिवसेंदिवस सुधारत आहे अशा अर्थाचे एक वाक्य रोग्याने सकाळी व झोपण्यापूर्वी वीस वेळा पुटपुटावे, अशी त्यांची पद्धत होती. या सत्पुरुषाचा दावा मर्यादित होता. आपण कोणालाही बरे करीत नाही, रोगी स्वतःच स्वतःला बरा करतो, असे ते सांगत. पुढे १९३७ साली नेपोलियन हिल यांनी विचारातून संपत्ती निर्माण करण्याचा मार्ग सांगणारे पुस्तक लिहिले, १९७८ साली अमेरिकेतील शक्ती गवेन यांच्या पुस्तकाने सर्जनशील मनश्चित्रणाची ही साधना नावारूपास आणली, आणि २००६ साली रोंडा बर्न यांच्या चित्रपटाने व पुस्तकाने, मनात जे धरावे ते विश्व आपणाकडे खेचून आणते, हे मत जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचविले. या आठ-नऊ दशकांच्या वाटचालीत एक मोठी तफावत पडली, आणि ती कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. कुएंचा उपाय माणसाच्या स्वतःच्या देहमनापुरता होता. त्यांच्या नंतरच्यांनी मनाचा अंमल बाह्य जगावरही बसविला.

देहमनावर कल्पनेचा अंमल चालतो, याचा सुंदर पुरावा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिला. आल्व्हारो पास्कुआल-लिओने व त्यांचे सहकारी यांनी, पियानो न वाजविणाऱ्या माणसांना एका हाताच्या पाच बोटांनी वाजवावयाचा एक छोटा स्वरक्रम शिकविला. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, प्रत्यक्ष वाजवून सराव केला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पियानोसमोर बसून, बोटे न हलविता, केवळ मनात वाजविले. मेंदूतील बोटांच्या हालचालींचे नियमन करणारे क्षेत्र मोजून पाहिले, तेव्हा ते दोन्ही गटांत विस्तारलेले आढळले. वादनाच्या अचूकतेत मात्र फरक होता: मनात वाजविणारे पाचव्या दिवशी जेथे पोहोचले होते तेथे प्रत्यक्ष वाजविणारे तिसऱ्याच दिवशी पोहोचले होते, परंतु मनात वाजविणाऱ्यांना दोन तासांचा एकच प्रत्यक्ष सराव मिळताच त्यांनी ही पिछाडी भरून काढली. या प्रयोगातील माणसांनी मनात काय पाहिले, हे विसरता कामा नये. टाळ्यांचा कडकडाट, फुलांचे हार, वर्तमानपत्रातील छायाचित्र यांपैकी काहीच त्यांनी पाहिले नाही. त्यांनी एक बोट उचलले, दुसरे टेकविले, चुकले, पुन्हा आरंभ केला, आणि हे सारे मनात केले.

क्रीडाक्षेत्रातील थोर उदाहरणे पाहिली तरी हेच दिसून येते. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला त्याचे शिक्षक बॉब बोमन यांनी किशोरवयापासून एक नियम घालून दिला होता: रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर त्याने आपली शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत मनात पोहून पाहावयाची, प्रत्येक हातासकट, प्रत्येक वळणासकट. त्या मानसिक शर्यतीत सर्व काही सुरळीतच पार पडे असे नव्हे; आरंभ चुकला तर काय, पोशाख फाटला तर काय, चष्म्यात पाणी शिरले तर काय, अशा आपत्तीही त्याने मनात आधीच भोगून ठेवलेल्या होत्या. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीच्या अंतिम फेरीत त्याने पाण्यात उडी घेतली आणि चष्म्यात खरोखरच पाणी शिरले. ते वाढत जाऊन अखेरच्या टप्प्यात त्याला तळावरची रेघ दिसेना, समोरची भिंत दिसेना. सामान्य माणसाचा धीर येथेच सुटला असता. फेल्प्स हात मोजीत राहिला. आपल्याला किती हातांनंतर भिंत लागते याची नोंद त्याच्या देहात पक्की होती. आणि त्या मोजणीच्या आधारावर, जवळजवळ आंधळेपणाने, त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांत शर्यत जिंकली, तीही जागतिक विक्रमासह. त्या स्पर्धेत त्याने मिळविलेल्या आठ सुवर्णपदकांपैकी हे एक. फेल्प्सच्या या कथेचा हवाला देऊन विजयाचे चित्र रंगविण्याचा उपदेश करणारे व्याख्याते मी ऐकले आहेत, आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे; कारण त्या दिवशी त्याच्या कामी पदकाचे चित्र आले नव्हते, चष्म्यातल्या पाण्याचे चित्र कामी आले होते.

हा भेद केवळ तर्काचा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सत्रपरीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट पाडले. परीक्षेपूर्वीचे पाच ते सात दिवस एका गटाने उत्तम गुण मिळाल्याचे, यादी पाहिल्याचे, अभिमानाने छाती फुगल्याचे चित्र रोज मनात आणावयाचे. दुसऱ्याने आपण टेबलाशी बसलो आहोत, पुस्तक उघडले आहे, दूरचित्रवाणी बंद केली आहे, मित्राचे आमंत्रण नाकारले आहे, असे चित्र आणावयाचे. दुसऱ्या गटाने अधिक अभ्यास केला आणि त्याला गुणही अधिक पडले. याची कारणे शोधली तेव्हा दोन हाती लागली, एक म्हणजे अभ्यासाची आखणी नीट झाली, आणि दुसरे म्हणजे परीक्षेची धास्ती कमी झाली.

याहून अधिक विचार करावयास लावणारे संशोधन गाब्रिएल ओटिंगेन या जर्मन विदुषीचे आहे. न्यूयॉर्क आणि हॅम्बर्ग येथील विद्यापीठांत अध्यापन करणाऱ्या या बाईंनी तीन दशकांहून अधिक काळ एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविला: सुखद भविष्याची चित्रे रंगविणाऱ्यांचे पुढे काय होते? १९९१ साली थॉमस वॉडेन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन घटविण्याच्या उपक्रमात दाखल झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी आपल्या सडपातळ भावी रूपाची सर्वांत गोड चित्रे रंगविली होती, त्यांचे वजन वर्षाअखेरीस इतरांच्या मानाने सुमारे अकरा किलो कमी घटले. २००२ सालच्या अभ्यासात, शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात निघालेल्या जर्मन विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या मनात उत्तम नोकरीची सुखस्वप्ने वारंवार तरळत होती त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे देकार कमी आले होते, आणि वेतनही कमी मिळत होते. याच अभ्यासांत असेही दिसले की ज्यांची अपेक्षा उंच होती, म्हणजे पूर्वानुभवाचा हिशेब मांडून आपल्याला हे जमेल असे ज्यांना वाटत होते, त्यांची कामगिरी सरस ठरली. आत्मविश्वास आणि सुखस्वप्न या दोन वस्तू एकमेकींपासून भिन्न आहेत, आणि आमच्या कार्यशाळांत त्या एकाच नावाखाली विकल्या जातात.

असे का व्हावे? २०११ साली हेदर कॅपेस आणि ओटिंगेन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे उत्तर मिळते. इष्ट फळ हाती आल्याचे चित्र रंगविणाऱ्यांचा सिस्टोलिक रक्तदाब, जो देहाच्या सज्जतेचे एक मोजमाप मानला जातो, तो खाली आला. मनाने फळाचा उपभोग घेतला आणि देहाने विश्रांतीची तयारी केली. जी धडपड करावयाची होती तिच्यासाठी लागणारे बळ त्या उपभोगातच खर्ची पडले. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातील त्या कृपण ब्राह्मणाची गोष्ट आपल्या पूर्वजांनी मुलांना पिढ्यान् पिढ्या सांगितली. खुंटीला टांगलेल्या सातूच्या घटाखाली पडून त्याने शेळ्या घेतल्या, गाई घेतल्या, घर बांधले, लग्न केले, सोमशर्मा नावाच्या पुत्राचे बारसे केले, आणि त्या कल्पनेतील संसाराच्या भरात झाडलेल्या लाथेने खराखुरा घट फोडला. ज्याला आपण शेखमहंमदी मनोराज्य म्हणतो त्यातील धोका पूर्वजांनी ओळखला होता. देहाची सज्जता मोजून तो सिद्ध करावयाचे काम आमच्या काळाला आले.

तरीही आपल्या परंपरेने कल्पनाशक्तीला हद्दपार केले नाही. पतंजलींच्या योगमार्गात धारणा आणि ध्यान ही साधनेची अंगेच आहेत, आणि भक्तिमार्गात मानसपूजेला मानाचे स्थान आहे. या मानसपूजेचे स्वरूप नीट पाहण्याजोगे आहे. भक्त डोळे मिटतो आणि मनातच आसन मांडतो, पाद्य देतो, अर्घ्य देतो, स्नान घालतो, वस्त्र नेसवितो, गंध उगाळतो, फुले वाहतो, धूप-दीप ओवाळतो, नैवेद्य दाखवितो. सोळा उपचारांतला एकही तो गाळीत नाही आणि कोणताही क्रम चुकवीत नाही. आपल्याला पूजेचे फळ मिळाले आहे, घरात धनधान्य भरले आहे, शत्रू नाहीसा झाला आहे, हे या चित्रात कोठेही नसते. त्या ध्यानात जे रंगते ते कर्म असते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात अर्चनभक्ती सांगताना मानसपूजेची शिफारस केली, आणि त्याच समर्थांनी एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे सांगून यत्नाचे निरूपण केले. या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही, कारण मनातली पूजा ही त्यांच्या लेखी यत्नाचाच एक प्रकार होती. ज्या देशात हा विवेक तीन-साडेतीन शतकांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, त्या देशातील तरुणांच्या हाती आज बंगल्यांची कात्रणे द्यावीत, याचा मला मनापासून खेद होतो.

हा खेद तात्त्विक राहिला असता तर मी लेखणी उचलली नसती. पुण्यातील सदाशिव आणि नारायण पेठांच्या अभ्यासिकांत, मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, खानदेशाच्या खेड्यांतून आलेली हजारो मुले-मुली राज्यसेवेच्या आणि केंद्रीय नागरी सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करीत वर्षानुवर्षे बसलेली असतात. खुर्चीचे भाडे, खाणावळीचा डबा आणि खोलीतला वाटा यांचा खर्च पुष्कळदा कापसाच्या किंवा सोयाबीनच्या विक्रीतून, कधी सावकाराच्या दारातून येतो. २०२४ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे दहा लाख अर्ज आले, पूर्वपरीक्षेला पावणेसहा लाखांहून अधिक उमेदवार प्रत्यक्ष बसले, मुख्य परीक्षेला साडेचौदा हजारांच्या आसपास पात्र ठरले, आणि अखेर शिफारस झाली ती १००९ जणांची. या आकड्यांसमोर उभे राहून, ज्याने पुरेशा तीव्रतेने चित्र पाहिले त्याला ते मिळणारच, असे जो व्याख्याता सांगतो, तो न मिळालेल्या लाखो जणांना नेमके काय सांगत असतो? तुमच्या श्रद्धेत खोट होती, तुमच्या मनात शंका शिरली, दोष सर्वस्वी तुमचा, हेच त्यातून निघते. गणिताने जे अटळ आहे त्याचा ठपका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरांच्या अंतःकरणावर ठेवला जातो. परीक्षेत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी उठून काम शोधू शकतो. पण आपल्या मनातच काही अशुभ आहे अशी ज्याची समजूत करून दिली, त्याला उभे राहावयास फार दिवस लागतात. या मताविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

मग मनश्चित्राचा उपयोग या मुलांनी करूच नये काय? अवश्य करावा, आणि रोज करावा. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या एका प्रश्नपत्रिकेत तीन तासांत वीस प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटे मिळतात. विद्यार्थ्याने डोळे मिटून ही नऊ मिनिटे पाहावीत. प्रश्न वाचला, त्यातले विचारलेले काय आणि न विचारलेले काय हे ओळखले, समासात चार शब्दांचा आराखडा केला, पहिले वाक्य लिहिले, घड्याळ पाहिले, पुढचा प्रश्न मुळीच येत नाही असे दिसले, छातीत धडधड झाली, तरी दोन ओळींचा प्रयत्न करून पुढे गेलो. ही धडधडही चित्रात असावी. फळाच्या चित्राने ओटिंगेनबाईंनी आरंभ करावयास सांगितले आहे हे खरे, पण तेथे फार वेळ रेंगाळू नये. इच्छा काय, तिचे सर्वांत सुखद फलित काय, हे क्षणभर पाहून झाल्याबरोबर आपल्याच अंतःकरणातील कोणता अडथळा आड येतो हे तितक्याच स्पष्टपणे पाहावे, आणि तो आडवा आला की काय करावयाचे याची तजवीज करावी, असा त्यांचा क्रम आहे. हा क्रम उलटा केला तर परिणाम होत नाही, असे त्यांना प्रयोगांत आढळले. तजवीज कशी करावी हे त्यांचे सहकारी आणि पती पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले: जर अमुक झाले तर मी तमुक करीन, अशा नेमक्या वाक्यात ती बांधावी. दुपारी जेवणानंतर हात मोबाईलकडे गेला, तर तो खाली अभ्यासिकेच्या दिवाणजींकडे ठेवून मी चौथ्या प्रकरणाचे पहिले पान उघडीन. एवढी साधी ती असावी. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा तजविजींच्या ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा तिचा परिणाम स्पष्टपणे अधिक दिसून आला.

या पद्धतीचा एक गुण असा आहे, ज्याची वाच्यता आमच्याकडे कोणी करीत नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. इच्छा आणि अडथळा ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे, ज्यांच्या यशाची शक्यता रास्त आहे त्यांची उमेद वाढते. पण ज्यांची शक्यता फार थोडी आहे त्यांची पकड सैल होते, आणि ते त्या ध्येयापासून मागे फिरून दुसऱ्याकडे वळतात. सुखस्वप्न हे कधीच करू देत नाही. ते माणसाला पाचव्या अपयशानंतरही त्याच खुर्चीवर बसवून ठेवते. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला केंद्रीय परीक्षेच्या सहा संधी आणि वयाची ३२ वर्षांची मर्यादा आहे. इतर काही प्रवर्गांना ती याहून सैल आहे. आणि या मर्यादेपर्यंत सारे तारुण्य पणाला लावणे हीच निष्ठा, असे वातावरण आम्ही तयार केले आहे. मागे फिरण्याला पराभव मानणाऱ्या समाजात मागे फिरण्याची वेळ कळणे हेही कौशल्य आहे, असे उघडपणे सांगितले पाहिजे, आणि ते वर्गचालकांनी व पालकांनी सांगितले पाहिजे.

म्हणून अभ्यासिकेत नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक मुलाने, बंगल्याच्या कात्रणाऐवजी, एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात असे मला सुचवावेसे वाटते: या वर्षी किती जागा आहेत आणि गेल्या वर्षी किती उमेदवार बसले होते, माझ्या अभ्यासात मीच कोठे आडवा येतो, आणि कोणत्या तारखेपर्यंत मी हा प्रयत्न करणार आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती पहिल्याच महिन्यात, मन ताजे असताना आणि घरच्या पैशाची चणचण भासू लागण्यापूर्वी लिहावी, तिच्याखाली आईवडिलांची सही घ्यावी, आणि त्या तारखेनंतर कोणता उद्योग, कोणती नोकरी, कोणते शिक्षण धरावयाचे याचेही चित्र तितक्याच तपशिलाने, पायरी-पायरीने, आतापासूनच रंगवून ठेवावे.